भरारी पथक आणि बारा बरण्या

नांदेड, १३ सप्टेंबर २०२४

ती. महादेवप्पा मामांना आणि लक्ष्मीमामीला तनुजाचा शरणु,

महालक्ष्म्यांचं जेवण अजून पोटात आहे. मामीच्या पुरणपोळ्यांमुळे मला एसटीत दोन सीट लागल्या असत्या, पण उदगीरच्या स्टँडवर एकच मिळाली.

आता कामाचं. जेवल्यावर मी हात न धुताच परसात पळाले आणि मामीची साडी वाळत घातलेली काठी घेऊन उड्या मारल्या, त्याचा खुलासा करायचा राहिला. तुमच्या कढीपत्त्यावर एक फुलपाखरू अंडी घालत होतं. काळं, मागच्या पंखांवर पांढरे डाग आणि लाल ठिपके. मॉरमॉन म्हणतात त्याला. मी इतके दिवस जिच्या शोधात होते ती नेमकी हीच बाई. ती माझ्या पिशवीत बसून नांदेडला आली, निम्मी अंडीही आली. उरलेली बारा तुमच्या झाडावर ठेवलीत. एकीकडे काही बिघडलं तर दुसरीकडची राहतील, एवढाच हिशेब.

अळ्या निघाल्या की एका बरणीत एक अशी ठेवा, तोंडाला जाळीचं कापड बांधा आणि रोज कढीपत्त्याचा ताजा पाला घाला. लहान असताना अळी हुबेहूब चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते. त्यामुळेच तिला कुणी खात नाही. मामीला हे विशेष सांगा, कारण तिच्या हातात कायम फडकं असतं.

"संशोधनाचा कारभार लेखी पाहिजे, फोनवरची गोष्ट वाऱ्यावर जाते," असं म्हणून तुम्ही फोनला बंदी घातलीत, म्हणून हे पत्र. नांदेड गाडीचे कंडक्टर अमरेशदादा पोरांचे जेवणाचे डबे नेतात, तेच आपली पत्रंही नेतील.

ता. क. माझा विषय काय, हे तुम्ही पंगतीत विचारलंत तेव्हा तोंडात पोळी होती. तर ऐका : पॅटर्नची कॉपी कशी होते, ती मुळात कुठून सुरू झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या का टिकून आहे, हे मी शोधून राहिले.

तुमची,
तनुजा


उदगीर, १९ सप्टेंबर

चि. तनुजास महादेवप्पाचे आशीर्वाद. (आशीर्वाद आहेतच. राग वेगळा.)

तुझा ताजा कलम मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचला. पॅटर्नची कॉपी? लातूर पॅटर्नची? आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे? नांदेडकरांनी आमच्या जिल्ह्याविषयी काय बोलावं, याला आम्ही सरावलो आहोत. पण आमच्याच घरची पुरणपोळी तोंडात धरून आमच्याच भाचीनं हे शोधून राहावं!

तुला आठवत नसेल म्हणून सांगतो. मी मुख्याध्यापक होतो आणि बारावीच्या परीक्षेला भरारी पथकाचा प्रमुख. आमची जीप फाट्यावर दिसली की खिडकीला लटकून चिठ्ठ्या पुरवणारे काका-मामा धडाधड उसात शिरायचे. मी कॉलरमधून चिठ्ठ्या काढल्या, मोज्यांतून काढल्या, एका पोराच्या पायाच्या प्लॅस्टरमधूनसुद्धा काढल्या. पाय मोडलेला नव्हताच. लातूर पॅटर्न म्हणजे पहाटेचं पाठांतर, सराव परीक्षा आणि पुन्हा सराव परीक्षा. त्याला कॉपी म्हणणाऱ्या तुझ्या गाईडचं नाव कळव. त्यांना स्वतंत्र पत्र लिहावं लागेल.

अळ्यांचं काम मात्र घेतलं आहे ते पार पाडीन. लोणच्याच्या बारा बरण्या धुऊन ओसरीवर मांडल्या आहेत. प्रत्येकीवर बैठक क्रमांक चिकटवला आहे. रोज सकाळी हजेरी होते. बारापैकी बारा हजर.

महादेवप्पा

ता. क. मी लक्ष्मीबाई. हे डिंकाची बाटली शोधून राहिलेत तेवढ्यात लिहिते. तनू, तू म्हणलीस तसंच झालं बघ. चार नंबरची अळी बरणीच्या काठावर बसली व्हती, मी घाण समजून फडकं घातलं. थोडक्यात वाचली. ह्यांना कळू देऊ नको. हे हात मागं बांधून बरण्यांमधून फिरतात. अळीनं मान वर केली की "खाली बघा" म्हणतात.


नांदेड, २३ सप्टेंबर

ती. मामा, आधी पाणी प्या, मग पुढचं वाचा.

लातूरचा पॅटर्न नव्हे हो! पंखांवरचा पॅटर्न. नक्षी. मी एक शब्द कमी लिहिला आणि दोन जिल्ह्यांत भांडण लागायची वेळ आली. लातूरची बदनामी करून मला तुमच्या घरी पुन्हा पुरणपोळी कोण वाढेल?

विषय असा. गुलाब नावाचं एक काळं-लाल फुलपाखरू असतं. त्याची अळी ईश्वरीचा विषारी वेल खाते आणि ते विष अंगात मुरवते. पक्ष्यानं असं पाखरू एकदा खाल्लं की तो ओकतो आणि पुन्हा त्या नक्षीच्या वाटेला जात नाही. आपली मॉरमॉन खाते कढीपत्ता. अंगात विष नाही, उलट फोडणीला चालेल अशी. पण हिच्या पंखांवर नक्षी मात्र थेट गुलाबाची. पक्षी फसतो, बाई वाचते. ही झाली कॉपी. ती आईकडून लेकीकडे कशी जाते हे बघायचं, तर एका आईची सगळी लेकरं मोठी करून मोजावी लागतात.

आता वाईट बातमी. माझ्याकडच्या सगळ्या अळ्या मेल्या. आमच्या इमारतीत डासांसाठी धूर मारला, मला कुणी सांगितलं नाही. जेवून आले तर सगळ्या बरण्या गप्प. जिन्यात बसून मी खूप रडले. त्यांची आई आधीच गेली होती, तिला स्पिरिटमध्ये ठेवलंय. प्रबंध डिसेंबरात द्यायचाय आणि दुसरी आई शोधून तिची पिलं वाढवायला आता वेळ उरलेला नाही. मामा, तुमच्या त्या बारा बरण्या म्हणजेच आता माझा प्रबंध. त्यातली एकही कमी व्हायला नको.

गाईडचं नाव डॉ. आनंदराज सोनकांबळे. भला माणूस आहे. कृपा करून त्यांना पत्र लिहू नका.

तनुजा


उदगीर, २८ सप्टेंबर

चि. तनुजास आशीर्वाद, यावेळी रागाविना.

तुझ्या अळ्यांचं वाचून आम्ही दोघांनी आधी इकडच्या बरण्या मोजल्या. काळजी करू नको. बाराही तुझ्या हाती देईन.

लातूरविषयीचा गैरसमज दूर झाल्याचं मी ज्येष्ठ नागरिक संघात जाहीर केलं, कारण तक्रारही तिथेच जाहीर केली होती. आता संध्याकाळी मी तिथे तुझी पत्रं वाचून समजावतो. परवा भजनापेक्षा जास्त मंडळी जमली. भजनवाले नाराज आहेत.

पण एक गोष्ट मनाला टोचते. म्हणजे ही बाई अभ्यास करत नाही, कडू वेल खात नाही, आणि शेजारणीचा पेपर बघून पास होते! आणि मी, महादेवप्पा, तिची लेकरं पोसून राहिलो! सकाळी बरण्यांपुढे उभा राहिलो की वाटतं, तुमच्या आईला मी डिबारच केलं असतं. मग ती पाला खायला लागतात. एवढंसं तोंड, पण पानाच्या कडेवरून कसं एका ओळीत चालतं! मग माझा राग जातो. लेकरांचा काय दोष?

संघाचे दोन प्रश्न आहेत. बापही कॉपी करतो का? आणि हे ठरवणारं जे जनुक असेल, त्याचं नाव काय?

महादेवप्पा

ता. क. लक्ष्मीबाई. आता अळ्या हिरव्यागार झाल्यात, बोटाएवढ्या. हे त्यांना हवा लागावी म्हणून जाळ्या काढून ठेवतात. मी म्हणलं, घरात पाल हाय. तर म्हणतात, "माझ्या केंद्रात पाल शिरत न्हाई."


नांदेड, २ ऑक्टोबर

ती. मामा, जाळ्या लावा! (मला कुणी सांगितलं ते विचारू नका.)

बाप कॉपी करत नाही. मॉरमॉनचे नर सगळे एकाच गणवेशात, काळ्यावर पांढरा पट्टा. कॉपी करतात फक्त बाया, आणि त्याही सगळ्या नाही. काही लेकी आईवर जाऊन गुलाबासारख्या दिसतात, काही बापासारख्या साध्याच राहतात. गंमत म्हणजे आईकडची चिठ्ठी मुलांनाही मिळते. ते ती जन्मभर खिशात घेऊन हिंडतात, पण कधी उघडत नाहीत. पुढे आपल्या लेकीच्या हातात देऊन मोकळे.

ही चिठ्ठी म्हणजे एक जनुक. फार पूर्वी कधीतरी त्याच्याभोवतीचा तुकडा उलटा बसला, पुस्तक बांधणाऱ्यानं चार पानं उलटी शिवावीत तसा. त्यामुळे त्याची साध्या तुकड्याशी सरमिसळ होत नाही. लेक एक तर पुरती गुलाब होते, नाही तर पुरती साधी. अर्धवट कॉपी नाही. अर्धवट कॉपी करणारा लगेच सापडतो, हे तुम्हाला मी काय सांगावं?

सगळ्याच कॉपी का करत नाहीत, असंही संघात विचारतील. वर्गात सगळ्यांनी एकच चिठ्ठी चालवली तर तपासणाऱ्याला संशय येतो ना? तसंच. बिनविषारी फार झाल्या की पक्षी पुन्हा चाखून बघायला लागतात.

जनुकाला नाव आहे. वडीलधाऱ्या माणसाला ते लिहायचं म्हणजे अवघड, पण तुम्हीच विचारलंत. डबलसेक्स. मी ठेवलेलं नाही! पाखरू नर होणार की मादी, यात त्याचा हात असतो, म्हणून तसं नाव पडलं. हे मात्र संघात वाचू नका.

तनुजा


उदगीर, ७ ऑक्टोबर

चि. तनुजास आशीर्वाद.

"संघात वाचू नका" हे वाक्य पत्राच्या शेवटी लिहायचं नसतं. सुरुवातीला लिहायचं असतं.

मी खड्या आवाजात वाचत होतो. "डबल" म्हणून झालं आणि पुढचा शब्द दिसला. समोर शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या चार बाई बसलेल्या. मी म्हणालो, "डबल… शेक." आपले शेजारी व्यंकटराव, ज्यांच्या दारात कागदी लिंबाचं झाड आहे, त्यांनी विचारलं, "म्हणजे मिल्कशेक का, सर?" मी मान हलवली. आता उदगीरच्या निम्म्या ज्येष्ठांची समजूत अशी, की फुलपाखराच्या बाया डबल शेक पिऊन रूप बदलतात. व्यंकटरावांच्या सुनेनं तो कुठल्या फळाचा, अशी चौकशीही केली.

असो. सर्व अळ्यांचे कोष झाले. काड्यांसकट डब्यात कापसावर मांडून अमरेशच्या गाडीनं पाठवतो आहे. बारापैकी बारा हजर. पुन्हा लिहितो, बारा. सात नंबरविषयी कुणी काही म्हणालं तर लक्ष देऊ नको. त्याची वाढ उशिरा पण जोमात झाली.

महादेवप्पा

ता. क. लक्ष्मीबाई. सात नंबर सकाळी बारीक व्हता, दुपारी जाडजूड झाला. आणि ह्यांच्या सदऱ्यात लिंबाचा काटा. पण मी बाई मधे बोलत न्हाई. कोष वरच्या डब्यात हायत, धपाटे खालच्या. भुकेच्या भरात वरचा खाऊ नको.


नांदेड, १७ ऑक्टोबर

श्री. महादेवप्पा, माजी प्रमुख, भरारी पथक, यांस,

विषय : कारणे दाखवा नोटीस.

मामा, हे लिहिताना निम्मं हसू येतंय आणि निम्मं रडू. कोणतं आधी येतं ते बघतच लिहिते.

काल कोष फुटायला लागले. सोनकांबळे सर चहाचा कप घेऊन स्वतः बघायला उभे. एकेक पाखरू निघून पंख वाळवत होतं. चार मुलगे, तीन साध्या लेकी, चार आईसारख्या. त्यातली बैठक क्रमांक चार तर इतकी सुंदर, की सर म्हणाले, "हिचा फोटो प्रबंधाच्या पहिल्या पानावर घ्या." मी आनंदानं उडायचीच बाकी होते.

मग सात नंबर फुटला. आतून निघालं काळं-पिवळं चौकड्यांचं पाखरू. मॉरमॉनच्या मागच्या पंखांना शेपटी असते, याला शेपटीच नाही.

सरांनी कप खाली ठेवला. "तनुजा, हे लेकरू या घरातलं न्हाई."

मी म्हणाले, "सर, कदाचित…"

"कदाचित काय? हे लिंबावरचं पाखरू हाय. जातच वेगळी. मॉरमॉनच्या पोटी हे येत नसतंय. तुमच्या केंद्रावर डमी बसलाय."

आणि मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. एक डमी सापडला, तर बाकीचे अकरा अस्सल कशावरून? मामा, त्यांनी सगळ्या बारांचा निकाल राखून ठेवलाय. हे बारा गेले तर माझा प्रबंध डिसेंबरात होत नाही. मग कधी होईल, तेही ठाऊक नाही.

खरं काय झालं, ते लिहा. मी रागावणार नाही. (थोडी रागावेन.)

तनुजा


उदगीर, २० ऑक्टोबर

चि. तनुजा,

खुलासा सादर करतो.

सात नंबरला पालीनं खाल्लं. जाळी मी काढली होती. तुझ्या मामीनं बजावलं होतं, तेही खरं. रिकामी बरणी बघून मला तुझं पत्र आठवलं, "एकही कमी व्हायला नको." मी सदरा चढवला आणि व्यंकटरावांच्या लिंबावरची एक अळी आणून ठेवली. तशीच हिरवी, तशीच गुबगुबीत. मला वाटलं, अळी ती अळी. लिंबाच्या पोटी वेगळं पाखरू निघतं, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

जन्मभर मी पोरांना विचारत आलो, "का केलीस कॉपी?" ती म्हणायची, "घरी काय तोंड दाखवू, सर?" मला ते रडगाणं वाटायचं. बाळा, तुला काय तोंड दाखवू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला लाज वाटते.

पण शपथेवर सांगतो : एकच. बाकी अकरा अस्सल. सरांना माझी सही दाखव.

महादेवप्पा, मुख्याध्यापक (निवृत्त)

ता. क. लक्ष्मीबाई. मी म्हणलं व्हतं. जाळीचं म्हणलं व्हतं, पालीचं म्हणलं व्हतं, काट्याचंबी म्हणलं व्हतं. पण घरात बाईमाणसाचं कोण ऐकतंय? ह्यांना जास्त बोलू नको. जेवत न्हाईत.


नांदेड, २५ ऑक्टोबर

ती. मामा,

आधी जेवा. तुमचा खुलासा वाचून सर म्हणाले, "माणूस खरा दिसतोय. पण सही पुरत नसते, पुरावा लागतोय." म्हणून मी प्रत्येक पाखराचा एक बारीक पाय घेतला (एका पायावाचून त्यांचं अडत नाही), आईचा पाय स्पिरिटमध्ये होताच, आणि सगळ्यांचा डीएनए ताडून पाहिला. लेकराच्या अंगात आईचं निम्मं असतंच, त्यात लपवाछपवी चालत नाही.

दहा जण अस्सल निघाले. सख्खी भावंडं. सात नंबर परका, ते माहीत होतं.

पण चार नंबरही परकी आहे, मामा. तीच, पहिल्या पानावरची. जात मॉरमॉनचीच, नक्षी बिनचूक, पण या आईची लेक नाही. डोळ्यांनी आम्हाला जन्मात कळलं नसतं. सर बघतच राहिले. म्हणाले, "सात नंबरची कॉपी पोरकट व्हती. ही ज्यानं केली तो उस्ताद हाय."

तुम्ही शपथेवर "एकच" लिहिलं होतं. मी त्यावर विश्वास ठेवून सरांशी भांडले. खूप वाईट वाटलं मला. तिला वगळलं तर हिशेब उलट सुंदर जुळतो, तीन लेकी आईसारख्या आणि तीन साध्या, अगदी निम्म्या. पण सरांचं म्हणणं, चार नंबर कुठून आली याचा खरा खुलासा हातात आला की त्याच दिवशी सही. त्याशिवाय नाही. त्यांनी तसा शब्द दिलाय.

चार कुठून आली, मामा?

तनुजा


उदगीर, २८ ऑक्टोबर

चि. तनुजा,

मी चार नंबरला हात लावलेला नाही! पुन्हा लिहितो, नाही! सात माझा. चार माझी नाही.

मी चौकशी सुरू केली आहे. व्यंकटरावांना विचारलं, ते म्हणाले, "सर, मला तर डबल शेकच अजून कळला नाही." गच्चीवर, परसात, बरण्यांमागे, सगळीकडे पाहिलं. बाहेरून कुणी आल्याची खूण नाही. या गुन्हेगाराला केंद्राची आतून माहिती असली पाहिजे.

या पत्राला मामीचं शेपूट नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. तिला फार धक्का बसला आहे. तुझं पत्र वाचून दाखवल्यापासून एक शब्द बोललेली नाही. चकल्या तळताना तिच्या हातून मोडून राहिल्या. कोवळ्या मनाची आहे.

शेवटचं सांगतो. गुन्हेगार सापडला नाही, तर चार नंबरही माझ्याच नावावर लिही. मी सांगेन, मी केलं. एक केलं काय, दोन केली काय. तुझी सही अडायला नको.

महादेवप्पा


उदगीर, ३० ऑक्टोबर

तनू बाळा,

मी मामी. आज पुरं पत्र माझंच हाय, शेपूट न्हाई.

चार नंबर माझी. त्या दिवशी मी तुला लिवलं, फडकं घातलं पण अळी थोडक्यात वाचली. वाचली न्हाई गं. पुसली गेली. फडकं तसंच चुलीत घातलं. सकाळी हे हजेरीला येणार. मी देवळाला जाते म्हणून देवळाजवळच्या तुळजाबाईच्या परसात गेले. तिच्याबी कढीपत्त्यावर तसल्या लई व्हत्या. पण मी ह्यांच्यासारखी पहिली दिसली ती उचलली न्हाई. तीन नंबरची बरणी पदराखाली घेऊन गेले व्हते. एकेक अळी शेजारी धरून बघितली. तेवढीच लांब, तेवढीच मळकी, पाठीवर तसलाच पांढरा डाग. मग आणली. लुगड्याला मॅचिंग पीस बघताना नजर बसलेली असती.

वाटलं, कुणाला कळतंय? तुझ्या सरांना न्हाई कळलं, ह्यांना तर न्हाईच. मग तू तो पायाचा उद्योग केलास. आणि वरून मी ह्यांनाच टोमणे मारून राहिले, "मी म्हणलं व्हतं, मी म्हणलं व्हतं." हे जेवत नव्हते तरी मी गप. आता हे माझं पाप आपल्या नावावर घ्यायला निघालेत. ते मला सोसंना.

तू लिवलंस, तुझ्या पाखरांत बायाच कॉपी करतात, बाप्ये करत न्हाईत. अगं, करतात. पण त्यांना जमत न्हाई. लिंबाची उचलून आणतात.

सरांना हे पत्र दाखव आणि सही घे. ह्यांना मी अजून सांगितलं न्हाई. दिवाळीत तोंड कसं दाखवायचं, ते कळंना. म्हणून हे पत्र फराळाच्या डब्यात तळाला घालते, वर चकल्या रचते. हे बघणार न्हाईत.

तुझी मामी,
लक्ष्मीबाई


ता. क. मी महादेवप्पा.

डबा बांधायच्या आधी एक चकली उचलली. दुसरी उचलली. तिसरीखाली हे पत्र सापडलं. कॉलरमधून, मोज्यांतून, प्लॅस्टरमधून चिठ्ठ्या काढल्या. चकलीखालून काढण्याचा हा पहिलाच प्रसंग. म्हणजे पथक अजून निवृत्त झालेलं नाही.

आणि तरी, तनुजा, ही बाई दीड महिना माझ्याच ओसरीवर, माझ्याच हजेरीत, माझ्याच डोळ्यांदेखत कॉपी करून बसली होती, आणि मी व्यंकटरावांची गच्ची तपासत होतो! मी तिच्यावर ओरडायला स्वयंपाकघरात गेलो. ती तव्याकडे तोंड करून डोळे पुसत होती. मला ओरडता आलं नाही. चकली खात शेजारी उभा राहिलो. मग दोघंही हसायला लागलो ते थांबेचना. बऱ्याच दिवसांनी मी पोटभर जेवलो.

वरील कबुली खरी असल्याचं मी प्रमाणित करतो. जुना शिक्का सापडला, तो खाली मारला आहे. सरांना सांग : दहा अस्सल, दोन डमी. पुढच्या वर्षी बरण्यांची केंद्रप्रमुख तुझी मामी राहील, मी फक्त पाला आणीन. शिक्षा काय द्यावी म्हणून मी नियमावली काढून पुन्हा वाचली. लेकराच्या मायेपोटी केलेली कॉपी, असं कलम त्यात कुठेच नाही.

महादेवप्पा


ता. क.चा ता. क. तनू, चकल्या कमी भरल्या तर पथकाला विचार. — मामी